‘पीएलआय आहे ना!’

एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्याच्या केबिनमध्ये रिन्यूअलच्या दिवसांत एक संवाद हमखास ऐकू येतो. एजंट फायर, मशिनरी ब्रेकडाउन, मरीन, कामगार भरपाई अशी यादी वाचत जातो. मालक मध्येच विचारतो, “आणि पोल्युशनचं काय?” एजंट फाइल मिटत म्हणतो, “शेठ, पीएलआय आहे ना!” शेठ मान हलवतात, चहा येतो आणि चेकवर सही होते.

हे उत्तर चूक आहे, असं दाखवायचा इथे प्रयत्न आहे. पण ते निव्वळ आळसातून आलेलं आहे असं मी म्हणणार नाही. त्यामागे एक युक्तिवाद आहे आणि चांगले वाचलेले, कायद्याची कलमं तोंडपाठ असलेले एजंटही तो करतात. खंडनाची आपल्याकडची रीत अशी, की पूर्वपक्ष आधी पुरता मांडायचा, आणि तोही प्रतिपक्षाने “हेच म्हणायचं होतं मला” म्हणावं इतक्या नेटाने.

तर पूर्वपक्ष असा. ज्याच्यातून ही पीएलआय म्हणजे पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्सची पॉलिसी आली, तो सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम, 1991 हा कायदाच मुळी औद्योगिक विषबाधेतून जन्मला. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री भोपाळला युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट सुटला. जेमतेम वर्षभराने, 4 डिसेंबर 1985 ला, दिल्लीत श्रीराम फूड्स अँड फर्टिलायझरच्या कारखान्यातून ओलियमची गळती झाली. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1986 मध्ये इंग्लंडचा 1868 पासून चालत आलेला ‘रायलंड्स विरुद्ध फ्लेचर’चा नियम अपुरा ठरवला. धोकादायक धंदा करणाऱ्याचं दायित्व निरपवाद आहे, दैवी आपत्ती किंवा तिऱ्हाइताचं कृत्य अशी कुठलीही पळवाट त्याला नाही, असं न्यायमूर्ती भगवतींच्या पीठाने सांगितलं. 1 एप्रिल 1991 पासून अमलात आलेल्या या कायद्याने विमा सक्तीचा केला. चूक कोणाची हे सिद्ध करण्याची गरज पीडिताला उरली नाही. जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, त्याने निवाडा द्यायचा, कंपनीने पैसे भरायचे. शिवाय ‘अपघात’ या शब्दाच्या व्याख्येत कायद्याने सतत, अधूनमधून किंवा वारंवार होणारा संपर्कही धरला आहे, म्हणजे हळूहळू झालेलं प्रदूषणही त्यात आलंच. प्रीमियमइतकीच रक्कम पर्यावरण सहाय्य निधीत वेगळी भरावी लागते, ती कशासाठी? आणि एवढं करूनही काही उरलं, तर इंडस्ट्रियल पब्लिक लायबिलिटीची दुसरी पॉलिसी आहे, तिच्यात आकस्मिक प्रदूषणाचं एक्स्टेन्शन मिळतं. त्यापलीकडे राहतो तो दंड, आणि दंडाचा विमा होतच नाही. मग तिसरी पॉलिसी ग्राहकाच्या गळ्यात कशाला मारायची?

युक्तिवाद नेटका आहे. यातला शेवटचा, दंडाचा मुद्दा तर मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि त्याला उत्तर द्यायला वेळ लागेल. सोपं आधी उरकू.

हा कायदा पैसे कोणाला देतो, ते कलम 3 मध्ये पाहावं. मृत्यू किंवा इजा झालेला माणूस, तोही कामगार सोडून, आणि ज्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तो. बस्स. नाला, विहिरीखालचं भूजल, खाडीतले मासे, कारखान्याच्या आवारातली माती यांपैकी कोणीही या कलमाखाली अर्ज करू शकत नाही. मूळ अनुसूचीत मृत्यूसाठी 25,000 रुपये, औषधोपचारासाठी जास्तीत जास्त 12,500 आणि खासगी मालमत्तेसाठी 6,000 होते, आणि तीन दशकांहून अधिक काळ व्यवहार याच आकड्यांवर चालला. विमाकंपनीची मर्यादा एका अपघाताला 5 कोटी आणि पॉलिसीच्या मुदतीत 15 कोटी होती. 2024 च्या डिसेंबरात नियम बदलले आणि ही कमाल मर्यादा कैक पटींनी वाढली. त्याचा आधार घेऊन काही एजंट सांगतात, की आता तर चिंताच नको. पण मर्यादा वाढल्याने पात्र माणसांची यादी वाढत नाही. दार तेच आहे, आतली तिजोरी मोठी झाली एवढंच. शिवाय कलम 8 पीडिताला इतर कायद्यांखाली जास्त भरपाई मागण्याची मुभा राखून ठेवतं. निवाड्याने दिलेली रक्कम ही फक्त तातडीची मदत आहे, हे कायद्यालाच मान्य आहे.

व्याख्येचा मुद्दा जरा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण इथे चांगले चांगले चकतात. व्याख्येत ‘सतत, अधूनमधून किंवा वारंवार’ हे शब्द खरंच आहेत. पण ते कशाला लागतात? संपर्काला. त्याआधी एक घटना लागते: धोकादायक पदार्थ हाताळताना घडलेली आकस्मिक, अचानक किंवा अनपेक्षित अशी. एका रात्री व्हॉल्व्ह तुटला आणि वायू चार दिवस वस्तीत रेंगाळला, तर संपर्क सतत आहे आणि घटना एक आहे, कायदा लागू. पण जमिनीखालच्या टाकीच्या सांध्यातून सहा वर्षं सॉल्व्हंट झिरपत राहिला असेल, तर त्या सहा वर्षांतली ‘घटना’ कोणती आणि कोणत्या तारखेची? सर्व्हेअर हाच प्रश्न विचारणार आणि ग्राहकाकडे उत्तर नसणार. तारीख नाही म्हणजे पॉलिसी वर्ष नाही, आणि पॉलिसी वर्ष नाही म्हणजे क्लेम नाही.

हे कल्पनेतलं उदाहरण वाटत असेल, तर उदयपूरजवळचं बिछडी आठवावं. 1988-89 च्या सुमारास तिथे रंगांसाठी लागणारं ‘एच-ॲसिड’ तयार व्हायचं. उत्पादन फार काळ चाललंच नाही, कारखाना लवकर बंद झाला. पण लोह आणि जिप्समयुक्त गाळाचे ढीग आवारात उघड्यावर पडून राहिले, पावसाने तो जमिनीत मुरला आणि आसपासच्या विहिरींचं पाणी काळपट तांबूस झालं. पिण्याला नाही, शेतीला नाही, गुरांनाही नाही. गावकरी चिडून उठले, जमावबंदी लावावी लागली. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने पाहणी करून माती आणि भूजल पूर्ववत करण्याच्या खर्चाचा अंदाज दिला. तो आकडा 37.385 कोटींचा होता. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा भार प्रदूषकाचाच, असा निकाल दिला. कंपनी अर्जांवर अर्ज करत राहिली, आणि 2011 मध्ये न्यायालयाने तीच रक्कम द.सा.द.शे. 12 टक्के चक्रवाढ व्याजाने मागितली. या सगळ्यात स्फोट नाही, सायरन नाही, कुठली काळरात्र नाही. गाळाचे ढीग, पाऊस आणि वेळ, एवढंच. ‘पीएलआय आहे ना’ हे वाक्य बिछडीच्या एका विहिरीलाही पुरलं नसतं. तुतिकोरीनच्या स्टरलाइट तांबे कारखान्यावर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बसवलेली 100 कोटींची भरपाईही कुठल्या एका दिवसाच्या गळतीची नव्हती. 1997 ते 2012 या सगळ्या काळातल्या प्रदूषणाची होती.

म्हणजे न्यायालयांत मोठ्या रकमा कशाच्या ठरतात, तर सावकाश झालेल्या आणि निसर्गाला झालेल्या नुकसानाच्या. आणि सक्तीचा विमा कशाचा आहे, तर अचानक झालेल्या आणि माणसाला झालेल्या नुकसानाचा. दोन्हीत प्रदूषण हा शब्द येतो म्हणून ती एकच वस्तू होत नाही.

पर्यावरण सहाय्य निधीबद्दल फार लिहायला नको. त्यात भरलेला पैसा सरकारी योजनेत जातो. भरणारा कारखानदार त्या निधीचा विमाधारक नसतो. त्याच्यावर पुनर्स्थापनेचा खर्च बसला, तर “मी निधीत इतकी वर्षं पैसे भरलेत, त्यातून वळते करा” असं त्याला म्हणता येत नाही. निधीची पावती फाइलला लावून ‘एन्व्हायर्नमेंट कव्हर’ म्हणून दाखवणारे एजंट आहेत. त्यांनी ती पावती एकदा नीट वाचावी.

आता इंडस्ट्रियल पब्लिक लायबिलिटीची पॉलिसी. तिचं आकस्मिक प्रदूषणाचं एक्स्टेन्शन खरोखर उपयोगाचं आहे आणि ते न घेणं हा वेडेपणा आहे, हे आधी मान्य करतो. अडचण दुसरीकडे आहे. ती इंग्लंडमधल्या एका खटल्यात इतकी स्पष्ट दिसली, की प्रत्येक जनरल इन्शुरन्स एजंटाला तो माहीत असायला हवा. यॉर्कशायरमधल्या बेव्हर्ली गावात बार्टोलीन नावाची चिकटद्रव्यं वगैरे बनवणारी कंपनी होती. 2003 च्या मे महिन्यात तिला मोठी आग लागली. अग्निशमन दलाने फोम आणि पाणी मारलं. ते सगळं रसायनांसह जवळच्या ओढ्यांत उतरलं. पर्यावरण यंत्रणेने ओढे साफ केले, बिल कंपनीला पाठवलं, आणखी कामं करायला लावली. एकूण खर्च सुमारे पावणेआठ लाख पौंड. कंपनीकडे पब्लिक लायबिलिटी पॉलिसी होती, आग आकस्मिक होती, प्रदूषणही आकस्मिक होतं. तरी 2006 मध्ये न्यायालयाने क्लेम नाकारला. कारण असं, की पॉलिसी ‘नुकसानभरपाई’ देण्याचं कबूल करते, म्हणजे दुसऱ्या कोणाचं नुकसान झालं म्हणून दिवाणी कायद्याने द्यावी लागणारी रक्कम. सरकारी यंत्रणेने कायद्याच्या अधिकारात केलेल्या सफाईचं बिल ही नुकसानभरपाई नव्हे. ते वैधानिक देणं आहे.

हा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. पण आपल्या पॉलिसीचे शब्द लंडनच्या बाजाराच्या घरातूनच आलेले आहेत, आणि क्लेम नाकारणाऱ्या वकिलाच्या हातात हा निकाल असणार हे नक्की. म्हणून हेच चित्र आपल्याकडे आणून पाहावं. डोंबिवलीत मे 2016 मध्ये आणि पुन्हा मे 2024 मध्ये रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले. दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या, माणसं गेली. आपलं लक्ष साहजिकच जखमी माणसांवर आणि फुटलेल्या काचांवर असतं. पण अशा कुठल्याही आगीत टँकरामागून टँकर पाणी मारलं जातं, आणि ते ड्रम, पिंपं, पिशव्यांतलं सगळं धुऊन पावसाळी गटारात, तिथून नाल्यात, नाल्यातून खाडीत जातं. कोकणपट्टीत ही आग जुलैत लागली, तर फायर ब्रिगेडची गरजच नाही, पाऊस तेवढं काम करतो. त्या सकाळी मालकाच्या हातात तीन पॉलिसी असतात. फायर पॉलिसी यंत्रं, इमारत आणि माल पाहते; ढिगारा उपसायला ठरलेलं कव्हर आगीच्या क्लेमच्या अगदी छोट्या टक्केवारीपर्यंत, आणि जमीन मुळात विमा उतरवलेली मालमत्ताच नाही. कायद्याची पॉलिसी बाहेरच्या माणसाची इजा आणि मालमत्ता पाहते. पब्लिक लायबिलिटी तिऱ्हाइताचा दावा पाहते. आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं पत्र येतं: आवारातली दूषित माती उकरा, ती तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या घातक कचरा केंद्रावर पाठवा, नाल्यातला गाळ काढा, बोअरचं पाणी दर महिन्याला तपासा. या पत्राला तिन्ही पॉलिसींत घर नाही.

आता तो वजनदार मुद्दा. दंडाचा विमा होत नाही, हे खरं. कायद्याच्या पॉलिसीत दंड, शास्ती आणि हेतुपुरस्सर केलेला कायदेभंग हे अपवाद छापलेलेच आहेत, आणि ते असलेच पाहिजेत. रात्री बायपास उघडून प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडणाऱ्याला कुठल्याही विम्याने वाचवू नये. पण मंडळ जे जे पैसे मागतं ते सगळं दंडच, हे गृहीत चूक आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं पर्यावरण भरपाईचं सूत्र पाहा. त्यात पाच संख्यांचा गुणाकार आहे: प्रदूषण निर्देशांक (लाल वर्गाला 80, नारिंगीला 50, हिरव्याला 30), उल्लंघनाचे दिवस, रुपयांमधला एक गुणक (शिफारस 250 ची), कारखान्याच्या आकाराचा गुणक (लहान 0.5, मध्यम 1, मोठा 1.5) आणि स्थानाचा गुणक. लाल वर्गातला एक लहान कारखाना घ्या, दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावाजवळचा. 80 गुणिले 0.5 गुणिले 250, म्हणजे दिवसाला 10,000 रुपये. ईटीपीतला, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेतला, बिघाड दुरुस्त व्हायला चार महिने लागले, तर 12 लाख. गुणाकारात दिवस आहेत, याकडे लक्ष द्यावं. ज्याला विम्याच्या भाषेत ‘हळूहळू’ म्हणून बाहेर काढलं, तेच इथे मीटरसारखं धावतं.

ही रक्कम शिक्षा आहे की नुकसानाची भरपाई? ऑगस्ट 2025 मध्ये दिल्लीच्या प्रदूषण नियंत्रण समितीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मंडळांना भरपाई वसूल करण्याचा अधिकार मान्य केला, आणि तसं करताना शिक्षा म्हणून लादलेला दंड आणि पर्यावरण पूर्ववत करण्यासाठीची भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं स्पष्ट केलं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या 2010 च्या कायद्यातही कलम 15 मदत, भरपाई आणि पुनर्स्थापना यांबद्दल बोलतं, आणि कलम 17 तिथेही दोष सिद्ध करण्याची अट काढून टाकतं. कायदा जी रेषा स्वतः आखतो आहे, ती एजंटाने पुसायचं कारण नाही. शिक्षा विम्याबाहेर राहील. पुनर्स्थापनेचा खर्च विम्यात आणता येतो, आणि तो आणणारी पॉलिसी आपल्या बाजारात मिळते. कोणी तिला एन्व्हायर्नमेंटल इम्पेअरमेंट लायबिलिटी म्हणतं, कोणी पोल्युशन लीगल लायबिलिटी. तिच्यात सावकाश झालेलं प्रदूषण, स्वतःच्या आवारातली सफाई, मंडळाच्या आदेशाने झालेला खर्च, वाहतुकीतली गळती आणि कचरा केंद्रावर गेलेल्या मालाचं दायित्व हे भाग शब्दांत लिहून घेता येतात. मात्र लिहून घ्यावे लागतात. नावावरून काही गृहीत धरू नये.

“मोठ्या कंपन्यांचं आहे हे, आपल्या वीस कामगारांच्या युनिटला काय करायचंय?” हा आक्षेप उरतो. तारापूरच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हरित न्यायाधिकरणात गेली, तेव्हा 2022 च्या आदेशात भरपाई फक्त सामायिक प्रक्रिया केंद्रावर बसली नाही. शंभराच्या आसपास कारखान्यांवर वाटून बसली. मासेमारी करणाऱ्या समाजाच्या संघटनेने दाद मागितली आणि सामायिक केंद्राच्या पाइपला जोडलेला प्रत्येक जण हिशेबात आला. आपलं पाणी ‘कॉमन’मध्ये जातं म्हणून आपण सुटलो, ही लहान कारखानदाराची समजूत तिथेच संपायला हवी होती.

तेव्हा एजंटाने करायचं काय? ही पॉलिसी प्रत्येकाला विकलीच पाहिजे, असं मी म्हणत नाही. पॅकेजिंगच्या किंवा साध्या फॅब्रिकेशनच्या युनिटला ती नको असेल, प्रीमियम परवडणार नसेल, तर ठीक. पण ‘पोल्युशनचं काय’ या प्रश्नाला ‘पीएलआय आहे ना’ हे उत्तर द्यायचं नाही. कायद्याची पॉलिसी काय देत नाही, हे कोटेशनच्या पत्रात चार ओळींत लिहायचं आणि ग्राहकाची सही घ्यायची. विमा नाकारला तर त्याने समजून नाकारला, हे कागदावर असलं पाहिजे.

आणि विकायचं ठरलं, तर प्रपोजल फॉर्म केबिनमध्ये बसून भरायचा नाही. आवारात फिरायचं. जमिनीखाली टाक्या आहेत का, आणि पूर्वीच्या मालकाच्या कोणी बुजवल्यात का? ड्रम यार्डला फरशी आहे की माती? पावसाळी गटार ईटीपीकडे वळवलंय की सरळ कुंपणाबाहेर जातंय? मंडळाच्या कन्सेंटमधल्या अटी आणि मागच्या पाच वर्षांतल्या कारणे दाखवा नोटिसा मागायच्या. नोटिसा मागितल्यावर मालक जरा गप्प होतो. त्या गप्प होण्यातच पॉलिसीची निम्मी किंमत ठरते. या पॉलिसीत आधीपासून ठाऊक असलेलं प्रदूषण वगळलेलं असतं, म्हणून नोटीस लपवली तर नेमका तोच क्लेम जाईल. शिवाय विमा नियामक आयआरडीएआयच्या आचारसंहितेप्रमाणे ग्राहकाबद्दलची प्रतिकूल माहितीही विमाकंपनीला कळवणं एजंटाचं काम आहे. त्याने गप्प बसून ग्राहकाचं भलं होत नाही.

वाहतूकदारांना विसरू नये. कायद्याच्या ‘हाताळणी’च्या व्याख्येत वाहनातून नेणंही येतं, त्यामुळे ठरावीक प्रमाणाबाहेर धोकादायक रसायन वाहणाऱ्यालाही कायद्याची पॉलिसी सक्तीची आहे. टँकर-मालक बहुतेक वेळा मोटर पॉलिसी दाखवून मोकळा होतो. घाटात टँकर उलटला की ओढ्यात गेलेल्या रसायनाचं बिल आधी कारखानदाराकडे येतं की ट्रान्सपोर्टरकडे, हा वाद मग रस्त्यावर सुरू होतो. माल कोणाच्या जबाबदारीवर आहे, हे लॉरी पावतीपाशीच मिटवलेलं बरं.

शेवटी एक कलम, ज्याने सर्वांत जास्त क्लेम बुडू शकतात आणि ज्याकडे रिन्यूअलच्या घाईत सर्वांत कमी लक्ष जातं: रेट्रोॲक्टिव्ह डेट. ही पॉलिसी क्लेम्स-मेड असते, म्हणजे दावा पॉलिसीच्या मुदतीत यावा लागतो आणि प्रदूषण त्या ठरलेल्या तारखेनंतर सुरू झालेलं असावं लागतं. पहिल्या वर्षी ती तारीख साधारण पॉलिसी सुरू झाल्याचीच असते. पाच वर्षं नीट रिन्यू केली, तर मागची पाच वर्षं झाकली जातात. सहाव्या वर्षी दुसरी कंपनी प्रीमियममध्ये घसघशीत सूट देते, शेठ खूश होतात, एजंटही खूश होतो, आणि नव्या शेड्यूलवर रेट्रो डेट म्हणून नव्या वर्षाची 1 एप्रिल छापून येते. टाकीचा सांधा तिसऱ्या वर्षापासून झिरपत असेल, तर तो आता ना जुन्या कंपनीचा, ना नव्या. कंपनी बदलायचीच असेल, तर जुनी तारीख नव्या शेड्यूलवर चढवून घ्यायची आणि ती चढल्याचं डोळ्यांनी पाहूनच चेक द्यायचा.